बुवांच्या फोल्डरचं कुलूप

या, असे भिंतीला टेकून लांब नका बसू. जवळ सरका. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज लहान. आज पूर्वरंग आटोपता घेतो आणि सरळ आख्यानाला हात घालतो. आख्यान रायपूरचं आहे, शहर नुकतं कुठे राजधानी म्हणून मिरवायला लागलं होतं त्या दिवसांतलं. यात एक चोर आहे. पण गंमत बघा, या चोराने काही नेलं नाही. तो उलट ठेवून गेला. आणि त्याने ठेवलेल्या वस्तूने एका पोरीचा जन्म जाळायचाच बाकी ठेवला होता. ऐका तर.

समता कॉलनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर विजया ठेंगडी यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. बाई रेल्वेच्या दक्षता विभागात होत्या. आरक्षणाच्या कॉम्प्युटरवरून होणारे घोटाळे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरही तो किडा काही गेला नाही. त्यांच्या मदतीला नीलकंठराव. तेही रेल्वेतलेच, पण पार्सल ऑफिसातले. माणूस देवभोळा. कीर्तन म्हटलं की झांजा पिशवीत घालून निघायचा. डोक्याने जरा सावकाश, कानाने मात्र पक्का.

त्या सोमवारी सकाळी एक मुलगी जिना चढून वर आली, ती चपला न काढताच आत शिरली.

"मी अबोली बोकारे. तेलीबांध्याला राहते. मले दया-बिया नको. काम कराल का, एवढं सांगा."

नीलकंठरावांचा हात चहाच्या भांड्यावर थबकला. तिला ते ओळखत होते. आदल्या दिवशी अख्ख्या सभेने तिला शिव्या घालताना त्यांनी पाहिलं होतं.

"बस," विजयाताई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

गोल बाजारामागे एक जुनी कीर्तन सभा होती. विदर्भातून रेल्वेच्या, सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या घरांनी चालवलेली. तिथे हरिदासबुवांनी उभा जन्म कीर्तनं केली. बुवा गेले, मागे कॅसेटींचा ढीग राहिला. अबोलीने दर रविवारी येऊन त्या कॅसेटी एका कॉम्प्युटरवर उतरवल्या. ‘बुवा’ नावाचं एक फोल्डर केलं. रोज दुपारी त्यातलं एक कीर्तन सभेत वाजायचं आणि बायाबापड्या येऊन ऐकायच्या.

काल बुवांची पुण्यतिथी होती. सभागृह भरलेलं. अबोलीने मशीनवर कीर्तन सुरू केलं. पण स्पीकरमधून निघाली बुवांच्या आवाजातली कडाडती शिवी!

"काय होते शब्द?" विजयाताईंनी विचारलं.

अबोलीचा आवाज चिरका झाला. "‘माझा आवाज डब्यात कोंडून पैशापायी विकायला बसलात, नरहरी? शांते, तू पण त्यांच्यातलीच? फोडा हा डबा, नाहीतर माझ्या नावाची आरती करू नका.’ शांताबाई तिथेच बसल्या होत्या हो. बुवांच्या बायको. त्या कोसळल्याच."

"अन् एका दमात!" नीलकंठराव न राहवून बोलले. "ताई, मी होतो तिथे. एवढं लांबलचक एका दमात म्हटलं. बुवाच उठून आले म्हणा. काटा आला अंगावर."

विजयाताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा अबोलीकडे वळल्या. "तू काय केलंस?"

"बंद करायला धावली. फोल्डर उघडलं तर सगळी नावं दिसून राहिली होती. त्यात ‘सूचना’ नावाची एक फाईल. ती मी ठेवलेली नव्हती. काढायला गेली तर मशीन म्हणते, परवानगी नाही. माझं फोल्डर, अन् मलेच परवानगी नाही! कोणतीच फाईल उघडेना. लोक पाहून राहिले की ही पोट्टी बटणं दाबते अन् आवाज तर थांबतच नाही. मग सभेचे अध्यक्ष डबीर आबांनी वायरच उपटली. म्हणाले, जुने शब्द कापून जोडले या पोरीने. कॅसेटी हिच्याकडे, फोल्डर हिचं."

"पुढे?"

"आज संध्याकाळच्या आरतीनंतर ते ठाण्यात तक्रार देणार आहेत. मले मंत्रालयात नोकरी लागली आहे ताई. पोलीस चौकशीचा कागद यायचा आहे. तक्रार झाली की संपलं."

ती रडली नाही. ओठ आवळून बसली. विजयाताईंनी चहा तिच्यापुढे सरकवला.

"‘सूचना’च का? दुसरं नाव का नाही?"

"वाजवणारा प्रोग्राम पहिले ‘सूचना’ आहे का पाहतो. असली तर ती आधी वाजवतो. कोणाचा स्कूटर फाटकात अडकला, प्रसाद कुठे आहे, असं सांगायला. नसली तर सरळ कीर्तन. हे सभेत सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"आणि त्या फोल्डरमध्ये फाईल कोण ठेवू शकतं?"

"त्यासाठीच तर कुलूप लावलं आहे. प्रोग्राममध्ये एक फंक्शन असते, सीएचमॉड. मशीन सुरू झाली की ते माझ्या नावाने आपोआप चालते अन् फोल्डरला कुलूप लावते. कुलपाचे तीन आकडे." तिने बोटं उघडली. "वाचायचे चार, लिहायचे दोन, आत शिरायचा एक. तिन्ही दिले की सात. पहिला आकडा मालकाचा, म्हणजे माझा. सात. दुसरा गटाचा, त्यात डबीर आबा अन् त्यांचा नातू अनिमेष. त्यांनाही सात. तिसरा बाकीच्यांचा, त्यांना फक्त एक. म्हणजे आत या, नाव माहीत असेल ते ऐका, पण ठेवायचं-काढायचं काही नाही."

"बाकीच्यांत कोण?"

"वाजवणारा प्रोग्राम. अन् गंधार. बुवांचा शिष्य, स्वतः कीर्तन करते. फक्त ऐकायला त्याचं नाव घातलं आहे." अबोलीने नाक मुरडलं. "रोज दुपारी येऊन बुवांना ऐकतो अन् जाता जाता स्वतःचं कीर्तन आत ढकलायला पाहतो. मी सांगितलं, हे बुवांचं फोल्डर आहे, तुमचं नाही. तरी रोज प्रयत्न. मशीनने नकार दिला की पडद्यावर लाल ओळ येते अन् तिथेच राहते, ती मी दर रविवारी पाहत होती ना. आता थकला बिचारा. गुरुवारी नवी मशीन लागली, तिच्यावर त्याची एकही लाल ओळ नाही."

"नवी मशीन?"

"जुनी जळली, व्होल्टेजने. मी नोकरीची कागदपत्रं तपासून घ्यायला बाहेरगावी गेली होती, रविवारी सकाळी आली. डबीर आबा अन् अनिमेषने कीर्तनांची वेगळी ठेवलेली प्रत चढवली अन् माझ्या छापील कागदावरून प्रोग्राम पुन्हा टाईप केला. कीर्तन नीट वाजून राहिलं होतं, मग मी काही उघडून पाहिलं नाही."

विजयाताई उठल्या. "नीलकंठराव, चला. झांजा राहू द्या."

*

नरहरी डबीर सभेचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले. सभेच्या पायरीवरच त्यांनी दोघांना अडवलं.

"नीलकंठा, तू या बाईला घेऊन आला? सभेचं मीठ खातो ना तू?"

"शिराच खाल्ला आबा, मीठ नाही," नीलकंठराव पुटपुटले.

"डबीरसाहेब," विजयाताई म्हणाल्या, "आरतीपर्यंत वेळ आहे. चार प्रश्न विचारते. तुमचं म्हणणं खरं निघालं तर तक्रारीवर मीच साक्षीची सही करीन."

हे डबीरांना आवडलं. ते खुर्चीत बसले. बाईंना मात्र बसा म्हटलं नाही.

"नवा प्रोग्राम तुम्ही टाईप केलात?"

"मी वाचला, नातवाने टाईप केला. उभी हयात एक्स्चेंजमध्ये गेली माझी. आकडे वाचण्यात माझी चूक काढायला अजून कोणी जन्मलं नाही. अन् त्या कुलपाचा आकडा तर मी झोपेतही सांगीन. रायपूरचा एसटीडी कोड आहे तो! पोरीने सहज टाकला होता, मी पाहिला अन् म्हटलं वा! राजधानीचा मान राहिला. तेवढं एकच काम तिनं नीट केलं."

"तुमचा घरचा फोन द्या. लागला तर विचारीन."

डबीरांनी नंबर सांगितला. विजयाताईंनी लिहिता लिहिता विचारलं, "आधी शून्य आणि कोड?"

"अहो, समता कॉलनीतून लावाल ना? मग कशाला शून्य अन् कशाला कोड? शून्य परगावच्या माणसाने लावायचं. गावातल्या गावात शून्य लावणाऱ्याला आमच्या खात्यात येडा म्हणत."

"बरोबर आहे," विजयाताई म्हणाल्या. "मशीनची मुख्य किल्ली कोणाकडे असते? सगळी कुलपं उघडणारी?"

"बँकेच्या लॉकरात. पाकिटाला लाख लावून. अन् ती मी तुम्हाला देणार नाही."

"नको. तिची गरजच नाही."

अनिमेष सभेच्या मागच्या खोलीत इस्त्री केलेल्या शर्टात घाम पुसत उभा होता. मराठी त्याला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"आंटी, मैंने कुछ नहीं किया. मैं तो फोल्डर में घुस ही नहीं पाया. गुरुवार से. नाम तक नहीं दिखते."

"मग कोणाला सांगितलं नाहीस?"

"किसको बोलता? मुझे लगा अबोली दीदी ने मुझे बाहर कर दिया. झगड़ा हुआ था ना हमारा. मैंने कहा था मशीन मेरे हाथ में दो, उसने कहा पहले लिखना सीखो. तो मैं भी नहीं बोला. रहने दो, मैंने सोचा, पुण्यतिथी के दिन खुद ही फँसेगी." तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "मतलब, वैसा नहीं."

"आबांनी वाचलं ते जसंच्या तसं टाईप केलंस? कागद पाहिला नाहीस?"

"कागज उनके हाथ में था. जो बोले वही मारा. और मुझे आता है, आंटी. उस नंबर का कमांड मैं अपने खुद के फोल्डरों पर रोज हाथ से मारता हूँ. कमांड में आगे का ज़ीरो लगाओ, न लगाओ, एक ही बात है."

"कमांडमध्ये, हो," विजयाताई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

नीलकंठराव कानात कुजबुजले, "ताई, हाच. स्वतःच म्हणाला ना, फसू दे."

"म्हणाला. म्हणूनच तो नाही. ज्याने दगड मारला तो ‘मला वाईट वाटत होतं’ असं सांगतो, ‘मला आनंद झाला’ असं नाही."

गंधार सभेच्या ओसरीवर तंबोऱ्याच्या तारा पुसत बसला होता. तिशीचा, उंच, गळ्यात तुळशीची माळ. नीलकंठरावांना पाहून त्याने पाया पडल्यासारखं केलं, विजयाताईंना पाहून मान फिरवली.

"मला काय विचारता? मी परका माणूस. त्या मशीनवर तर माझं नाव ‘बाकीचे’मध्ये आहे. बारा वर्षं बुवांच्या मागे उभा राहून टाळ धरला, अन् शेवटी बाकीचा!"

"मशीन ऐकता का?"

"रोज दुपारी. खंड नाही. नव्या मशीनवरही आलो. गुरूंचा आवाज आहे तो, कुठूनही येवो."

"तुमची कीर्तनं कशी चालली आहेत?"

तार टणकन वाजली. "चालली आहेत."

"ताई," नीलकंठराव भोळेपणाने म्हणाले, "गंधारला आताशा कोणी बोलावतच नाही. लोक म्हणतात, बुवाच ऐकायला मिळतात तर..." गंधारने पाहिलं तसं वाक्य त्यांच्या तोंडातच विरलं.

"तुमचं कीर्तन मशीनवर ठेवायचा प्रयत्न करायचात ना?"

"करत होतो. त्या पोरीने नको म्हटलं, सोडला नाद. मानी माणूस आहे मी."

"केव्हा सोडला?"

"आठवत नाही. तुम्ही विचारता काहून? तुमची ती पोट्टी पकडली गेली आहे, तिला विचारा."

शेवटी शांताबाई. त्यांचं घर सभेला लागूनच होतं. म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मले बोलायचं नाही."

"एकच विचारते," विजयाताई खाली जमिनीवर बसल्या. "तो आवाज त्यांचाच होता?"

म्हातारी भिंतीकडे पाहतच बोलली. "आवाज त्यांचाच. दम पण त्यांचाच. पोटातून घ्यायचे, कंबरेला हात लावून. शिकवताना पोट्ट्यांच्या पोटावर मुठी ठेवायचे. पण ते मले ‘शांते’ म्हणत नव्हते हो. चारचौघांत तर नाहीच. ‘अहो, ऐकता का’ म्हणत. कीर्तनात पण, घरात पण."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. काल म्हटलं. मेल्यावर म्हटलं." आणि म्हातारीने पदर तोंडावर घेतला.

*

आरतीची तयारी झाली होती. समया लागल्या होत्या, पण वातावरण आरतीचं नव्हतं. बाया अबोलीपासून हातभर अंतर ठेवून बसल्या. कोणीतरी म्हणालं, "आली बघा, निर्लज्ज." डबीरांच्या खिशात तक्रारीचा कागद होता, वरून हात लावून ते तो चाचपत होते. शांताबाईंना नीलकंठरावांनी धरून आणलं.

विजयाताईंनी मशीन टेबलावर मांडायला लावली. वायर लावली. मशीन गुरगुरत सुरू झाली.

"ही बाई हात लावणार नाही मशीनला," डबीर अबोलीकडे बोट दाखवून गरजले.

"आधी अनिमेष लावेल," विजयाताई म्हणाल्या. "अनिमेष, तुझ्या नावाने आत जा आणि बुवांच्या फोल्डरमध्ये एक फाईल ठेव. काहीही."

अनिमेष बसला. बटणं वाजली. तो वळला. "नहीं हो रहा. परमिशन नहीं है."

"नाव दिसतं का एखादं?"

"कुछ भी नहीं."

"आता अबोली. ओरडू नका डबीरसाहेब, सगळ्यांसमोर करते आहे ती."

अबोली बसली. नावांची रांग पडद्यावर उमटली. तिने फाईल ठेवायला घेतली. नकार.

"नाटक!" मागून आवाज आला.

"नाटक असेल तर माझी फी तुम्ही घ्या," विजयाताई म्हणाल्या. "ऐका. ज्यांच्याकडे किल्ली आहे म्हणून आपण त्यांना गुन्हेगार म्हणत होतो, त्यांना दार बंद आहे. डबीरसाहेब, तुम्ही अनिमेषच्याच गटातले, तुम्हालाही बंद. आता प्रश्न असा की उघडं कोणाला आहे? डबीरसाहेब, प्रोग्रामच्या कागदावर कुलपाचा आकडा काय आहे? वाचून दाखवा."

डबीरांनी चष्मा लावला. कागद पुढे धरला. "सात सात एक."

"कागदावर जसा आहे तसा."

"तेच तर सांगितलं. सात..." ते थांबले. "पुढे शून्य आहे. पण त्याने काय होतं? गावातल्या गावात..."

सभागृहात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"गावातल्या गावात शून्य लावत नाहीत," विजयाताईंनी वाक्य पुरं केलं. "कोड तुमच्या अंगात मुरलेला. रायपुरात बसून रायपूरचा आकडा वाचताना तुमच्या तोंडून शून्य येणारच नाही. तुम्ही वाचलं सात सात एक. अनिमेषने मारलं सात सात एक. त्याला खटकलं नाही, कारण हाताने कमांड देताना मशीन तो आकडा आपणहून आठाच्या हिशेबात वाचते, म्हणजे दहा-दहाचे नाही, आठ-आठाचे गठ्ठे धरून, शून्य असो वा नसो. पण प्रोग्राममधलं फंक्शन तसं लाड करत नाही. पुढे शून्य असलं तरच ते आठाचा हिशेब धरतं. शून्य नसलं तर आपला बाजारातला, दहाचा. बाजारातले सातशे एकाहत्तर आठाच्या हिशेबात मांडले तर होतात एक, चार, शून्य, तीन. अबोली, बरोबर?"

अबोलीचे ओठ हलत होते. ती मनात गणित करत होती. तिचे डोळे मोठे झाले. "चौदाशे तीन... अगं माय!"

"सांग त्यांना."

"मालकाला चार. म्हणजे नावं वाच, पण आत शिरू नको. मी तशीच अडकली. गटाला शून्य. म्हणजे काहीच नाही. अनिमेष तसाच अडकला. अन् बाकीच्यांना तीन... लिहायचे दोन अन् शिरायचा एक. बाकीच्यांना आत जाता येते अन् ठेवताही येते!"

"आणि तो पुढचा एक?"

"तो म्हणजे दुसऱ्याने ठेवलेली वस्तू कोणी काढायची नाही."

"म्हणून कोणाचंच काही गेलं नाही, फक्त भर पडली. वाजवणारा प्रोग्राम बाकीच्यांतला, त्याला आत शिरता येत होतं. कीर्तन रोज वाजत राहिलं, म्हणून दार उलटं लागलंय हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं एकाच्या. प्रोग्राम काही शिव्या देत नाही. मग बाकीच्यांत उरतं कोण?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. गंधार ओसरीच्या दारात उभा होता.

"मी? मी कधीच सोडलं ते! तिलाच विचारा, नव्या मशीनवर माझी एक तरी लाल ओळ आहे का?"

"नाही. आणि मला पहिला संशय तिथेच आला. तुम्ही रोज दुपारी येत होता, नव्या मशीनवरही आलात, खंड नाही असं तुम्हीच सांगितलंत. रोज दार ठोठावणारा माणूस एकाएकी ठोठावणं बंद करतो, ते बहुतेक दार उघडल्यावर. लाल ओळ नकाराची असते गंधारजी. तुम्हाला नकार मिळालाच नाही."

"अन् आवाज? बुवांचा आवाज मी आणला का वर जाऊन?"

"आवाज जोडलेला नव्हता. कापून जोडलेल्या शब्दांत श्वास तुटतो. आमच्या नीलकंठरावांनी न मागता सांगितलं, एका दमात होतं."

"मी सांगितलं?" नीलकंठराव चकित झाले.

"तुम्हीच. बुवा गेले तेव्हा मशीन नव्हतीच, मग तिला डबा म्हणून शिव्या देणार कसे? बोलणारा जिवंत होता. गळा बुवांनी घडवलेला, दम बुवांनी पोटावर मूठ ठेवून शिकवलेला. फक्त घरातली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. बुवा बायकोला नावाने हाक मारत नसत. या आता, बसा इथे. तुमच्या नावाने एक फाईल ठेवून दाखवा."

गंधार हलला नाही. "पासवर्ड आठवत नाही."

"परवापर्यंत रोज आठवत होता."

विजयाताई अबोलीला म्हणाल्या, "प्रोग्राम उघड. शून्य लाव. चालव."

एकच बटण वाजलं. मग पडद्यावर फोल्डरची पूर्ण रांग उघडली. प्रत्येक फाईलपुढे ठेवणाऱ्याचं नाव. अबोली, अबोली, अबोली. आणि ‘सूचना’पुढे, गंधार.

पुढच्या रांगेतल्या बाईने ते मोठ्याने वाचलं. गलका उठला. "मारा त्याला!" कोणी चप्पल उचलली. नीलकंठराव मध्ये पडले, चप्पल त्यांच्याच खांद्याला लागली.

गंधार पुढे आला. आवाज आता खाली नव्हता. "हो, मीच! शुक्रवारी माझं कीर्तन ठेवायला गेलो, अन् मशीनने घेतलं. पहिल्यांदा घेतलं! मी तिथेच बसून ऐकलं. अन् बाहेर आलो तर तुम्ही सगळे बुवांच्या कॅसेटीला हात जोडून बसलेले. मी समोरून गेलो, एकाने नमस्कार केला नाही. बारा वर्षं! मेलेल्याला हार, अन् जिवंत माणसाला चहा नाही. मग शनिवारी दुपारचं कीर्तन संपल्यावर काढलं माझं, अन् ते दुसरं ठेवलं. मला डबा फोडायचा होता. पोरीचं नाव येईल हे ध्यानात नव्हतं."

"ध्यानात आल्यावर?" अबोलीने विचारलं. "कालपासून आत्तापर्यंत?"

गंधार दाराकडे वळला.

शांताबाई उठल्या. लटपटत त्याच्यासमोर आल्या. सगळ्यांना वाटलं, मारतील. त्या म्हणाल्या, "पोटावर मूठ ठेवून तुले शिकवलं त्यांनी. मी तुले त्या वेळी भाकर वाढत होती. माझ्यासमोर पुन्हा त्यांच्या आवाजात बोलला ना गंधार, तर जीभ हासडीन. जा."

तो गेला. तंबोरा ओसरीवरच राहिला.

डबीरांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "चला, चला. आरतीची वेळ टळून राहिली. अनिमेष, घंटा घे." मग अबोलीकडे न पाहता, "पण बाई, प्रोग्राम करताना अशा शून्याची चिठ्ठी लावायला पाहिजे होती मोठ्या अक्षरात. आम्हाला काय कळते?"

टाळ वाजू लागले. आरती सुरू झाली. अबोली मशीनजवळ बसली होती. तिने फोल्डर पुन्हा एकदा तपासलं, मालकाच्या जागी स्वतःचं नाव काढून सभेचं घातलं, पर्स उचलली आणि उठली. बायांनी पाय आवरून वाट दिली. हातभर अंतर तसंच राहिलं.

नीलकंठराव टाळ टाकून तिच्यामागे धावले. गोल बाजाराच्या तोंडाशी ती ऑटोवाल्याशी भाडं ठरवत होती.

"पोरी, थांब ना. प्रसाद तरी घे. संपलं सगळं आता, मिटलं."

"काका," ती वळली, "आत कोणी म्हटलं का मले, ‘चुकलं आमचं’? एका माणसाने तरी?"

नीलकंठराव वळून सभेच्या दाराकडे पाहू लागले.

"भैया, तेलीबांधा चलो," ती म्हणाली. ऑटो वळला आणि भांड्यांच्या दुकानांआड दिसेनासा झाला.

नीलकंठराव बराच वेळ तिथे उभे राहिले. परत आत गेले तेव्हा आरती संपून प्रसादाची रांग लागली होती. डबीर मोठ्याने कुणाला तरी सांगत होते की शून्याची ही भानगड त्यांना आधीपासून थोडीथोडी वाटतच होती. नीलकंठराव रांगेत उभे राहिले नाहीत. पायरीवर जाऊन बसले, आणि त्यांच्या खांद्यावरची चप्पल लागलेली जागा दुखत राहिली.

अबोलीला नोकरी लागली. ती पुन्हा सभेत आली नाही. बुवांचं कीर्तन तिथे अजून रोज दुपारी वाजतं. लोक डोळे मिटून माना डोलावतात. वाजवणाऱ्याला विचारा, हे कोणी उतरवलं, तर तो म्हणतो, होती एक पोट्टी कोणीतरी.

तेव्हा बाबांनो, बायांनो, माझं एवढं ऐका. कधी रायपूरला गेलात, त्या सभेत बसलात, आणि बुवांच्या आवाजाने डोळ्यांत पाणी आलं, तर हात जोडताना अबोली बोकारे हे नाव मनात घ्या. मोठ्याने घेतलंत तर फारच बरं. तिथे अजून कोणी घेतलेलं नाही.